ही फाइल कोणाच्या ताब्यात? : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवण्याविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न मुक्तस्रोत सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना येणाऱ्या डिपेंडन्सींविषयी आहेत. एखादा प्रोग्रॅम चालण्यासाठी जी इतर पॅकेजेस आणि लायब्ररी लागतात, त्या त्याच्या डिपेंडन्सी. प्रश्न वेगवेगळे दिसत असले, तरी उत्तर शोधताना जवळपास प्रत्येक ठिकाणी आधी एकच गोष्ट तपासावी लागते : अडचणीच्या जागी असलेली फाइल तिथे कोणी ठेवली आणि पुढे तिची देखभाल कोण करणार? पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे. डेबियन १२ (लिनक्सचे एक वितरण, म्हणजे तयार संच) असलेल्या संगणकावर ‘पिप’ या पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने एक पॅकेज बसवू पाहिले, तेव्हा ‘या पायथनचे व्यवस्थापन बाहेरून होते’ अशा अर्थाची एरर येऊन काम थांबले. त्याच एररमध्ये खाली ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ नावाचा पर्याय दिलेला होता. ‘सुडो’सह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, तो वापरल्यावर पॅकेज बसले आणि चालूही लागले. पूर्वीच्या आवृत्तीत असा अडथळा नव्हता. मी केले ते योग्य आहे का?

उत्तर : पॅकेज चालू लागले असले, तरी हा मार्ग धरू नये, आणि आता धरलाच आहे तर तो उलटवून घ्यावा. डेबियनमधील पायथन केवळ वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमसाठी नसते. ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची अनेक साधने पायथनमध्ये लिहिलेली असतात. त्यांना लागणारी पॅकेजेस ‘एप्ट’ हा पॅकेज मॅनेजर बसवतो, त्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत्या ठेवतो आणि कोणती फाइल कोणत्या पॅकेजची याची नोंदही ठेवतो. ‘पिप’ची नोंद वेगळी असते आणि ती ‘एप्ट’ला दिसत नाही.

तुमच्या संगणकावर नेमके काय झाले असेल ते पाहू. डेबियनमध्ये ‘सुडो’ लावून चालवलेले ‘पिप’ आपली पॅकेजेस ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ या फोल्डरखाली ठेवते, आणि पायथन एखादे पॅकेज शोधताना हे फोल्डर ‘एप्ट’च्या फोल्डरच्या आधी पाहते. समजा, तुमच्या पॅकेजने सोबत ‘रिक्वेस्ट्स’ या पॅकेजची नवी आवृत्ती आणली. ‘एप्ट’च्या नोंदीनुसार जुनी ‘रिक्वेस्ट्स’ जागच्या जागी शाबूत आहे. प्रत्यक्षात मात्र सिस्टिमची साधनेसुद्धा आता नवी आवृत्ती उचलू लागतात, जी त्यांच्याबरोबर कोणीही तपासून पाहिलेली नाही. बिघाड लगेच होईलच असे नाही. तो पुढे केव्हातरी, भलत्याच साधनात उमटतो, आणि तेव्हा आजच्या या कमांडची आठवणही कोणाला राहिलेली नसते. म्हणूनच असे बिघाड शोधणे अवघड जाते.

हे प्रकार इतक्या वेळा घडत होते, की पायथनच्या कार्यकर्त्यांनी २०२१ साली ‘पेप ६६८’ हा प्रस्ताव मांडला. त्यानुसार वितरणाने आपल्या पायथनच्या फोल्डरमध्ये एक खुणेची फाइल ठेवायची आणि ती दिसल्यावर ‘पिप’ने थांबायचे, अशी व्यवस्था ठरली. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ ने ती स्वीकारली. आधीच्या आवृत्तीत अडथळा नव्हता तो यामुळे.

योग्य मार्ग म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजेच एका प्रकल्पाची पॅकेजेस सिस्टिमपासून वेगळी ठेवणारे फोल्डर. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘वेन्व्ह’ हे मॉड्यूल पायथनमध्येच आहे; डेबियनमध्ये मात्र ‘पायथन३-वेन्व्ह’ हे पॅकेज वेगळे बसवावे लागते, अन्यथा पहिल्याच पायरीवर एरर येते आणि नवा वापरकर्ता गोंधळतो. प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र ‘वेन्व्ह’ तयार करावे आणि त्याच्यातील ‘पिप’ने हवी ती पॅकेजेस बसवावीत. ते ‘ॲक्टिव्हेट’ केल्यावर आत फार मोठे काही घडत नाही. शेल (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ज्या फोल्डरांमध्ये कमांड शोधते, त्यांच्या यादीत या ‘वेन्व्ह’चे ‘बिन’ फोल्डर सर्वांत पुढे येते, इतकेच. हे लक्षात ठेवले, की ॲक्टिव्हेट न करताही त्या फोल्डरमधील पायथनचा पूर्ण मार्ग देऊन प्रोग्रॅम चालवता येतो, हे ओघाने कळते. काम संपले की पूर्ण फोल्डर पुसून टाकले तरी चालते. फक्त ते एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवू नये, कारण त्यातील स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत मूळ जागेचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. जागा बदलायची असेल तर नव्या ठिकाणी नवे ‘वेन्व्ह’ बनवावे. तुम्हाला पायथनचे पॅकेज नको असून पायथनमध्ये लिहिलेली एखादी कमांडच तेवढी हवी असेल, तर ‘पिपएक्स’ वापरावे. ते प्रत्येक साधनासाठी आपोआप वेगळे ‘वेन्व्ह’ सांभाळते.

झालेले उलटवण्यासाठी ‘यूएसआर-लोकल’खालील पायथनच्या फोल्डरमध्ये कोणती पॅकेजेस आली आहेत ते पाहावे आणि तेवढीच ‘पिप अनइन्स्टॉल’ने काढावीत, तिथेही तोच पर्याय पुन्हा द्यावा लागेल. ‘एप्ट’ने बसवलेल्या पॅकेजांना ‘पिप’ने हात लावू नये.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत मापनांची नोंद ठेवणारा एक जुना मुक्तस्रोत प्रोग्रॅम तयार बायनरीच्या, म्हणजे थेट चालणाऱ्या कंपाइल केलेल्या फाइलच्या, रूपात वापरात आहे. संगणकावर उबुंटू २२.०४ बसवल्यावर तो सुरू होईना, ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ ही लायब्ररी सापडत नाही, असे तो सांगतो. संगणकात ‘लिबएसएसएल.एसओ.३’ आहे. तिलाच १.१ नावाची लिंक करून द्यावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर : करू नये, आणि केले तरी प्रोग्रॅम सुरू होणार नाही. लायब्ररीच्या नावापुढचा आकडा हा तिचा बाहेरच्या प्रोग्रॅमशी असलेला करार आहे. कोणते फंक्शन कोणत्या नावाने मिळेल, त्याला काय द्यायचे, माहितीची रचना मेमरीत कशी असेल, हे सारे त्या आकड्यात गृहीत असते, आणि यातले काही मोडणारा बदल झाला की लायब्ररीचे कर्ते आकडा बदलतात. म्हणजे १.१ मागणाऱ्या प्रोग्रॅमला ३ देणे हा नावापुरता बदल ठरत नाही. ओपनएसएसएलच्या (‘लिबएसएसएल’ ज्याचा भाग आहे त्या प्रकल्पाच्या) बाबतीत तर प्रत्येक फंक्शनच्या नावासोबत आवृत्तीची खूणही जोडलेली असते. त्यामुळे लिंक करून दिली, तर ‘फाइल नाही’ या एररऐवजी ‘ओपनएसएसएल १.१ ची खूण या फाइलमध्ये सापडत नाही’ ही एरर येईल आणि प्रोग्रॅम तिथेच थांबेल. ही खूण आहे हे आपले भाग्यच म्हणायचे. ज्या लायब्ररींमध्ये ती नसते, तिथे असा प्रोग्रॅम सुरू होतो आणि मध्येच कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न कोसळता चुकीचे आकडे देत राहतो. मापनांच्या नोंदीत असे झालेले कोणालाच परवडणार नाही.

जुन्या वितरणातील १.१ चे पॅकेज उचलून आणून बसवणे हा दुसरा उपाय अनेक जण सुचवतात. त्याने प्रोग्रॅम चालेलही. परंतु १.१.१ या मालिकेचा सार्वजनिक आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला असून, अशा रीतीने आणलेल्या पॅकेजला तुमच्या वितरणाकडून सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नाहीत. जाळ्यावरील संवादाचे कूटलेखन ज्या लायब्ररीकडे सोपवले आहे, तीच बेवारस ठेवणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

प्रोग्रॅम मुक्तस्रोत आहे, हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. प्रथम त्याची नवी बायनरी उपलब्ध आहे का ते पाहावे. नसल्यास त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, आणून तुमच्याच संगणकावर, आवृत्ती ३ समोर, पुन्हा कंपाइल करावा, १.१ साठी लिहिलेले बरेच प्रोग्रॅम ‘ही फंक्शन्स जुनी झाली आहेत’ अशा सूचना देत का होईना, कंपाइल होतात. तेही जमत नसेल, तर जुन्या वितरणाचा कंटेनर (बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवलेला कप्पा) करून प्रोग्रॅम त्यात चालवावा आणि त्या कंटेनरला जाळ्याची वाट देऊ नये.

प्रोग्रॅमला कोणकोणत्या लायब्ररी लागतात हे ‘एलडीडी’ ही कमांड दाखवते. ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ येते, ती लायब्ररी गहाळ आहे. मात्र खात्री नसलेल्या बायनरीवर ‘एलडीडी’ चालवू नये, कारण काही परिस्थितीत ती बायनरीतील कोड प्रत्यक्ष चालवू शकते. तिथे ‘ऑब्जडम्प’ने फाइलचा मथळा वाचून ‘नीडेड’ असलेल्या ओळी पाहाव्यात. याच यादीत ‘जीलिबसी’ची नवी आवृत्ती हवी अशी तक्रार आढळली, तर ती लायब्ररी हाताने बदलण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये. संगणकावरील जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. ती बिघडली की फायलींची यादी दाखवणारी साधी कमांडसुद्धा चालत नाही.

प्रश्न : एक प्रोग्रॅम सोर्सवरून बांधताना ‘कॉन्फिगर’ ही पायरी लायब्ररी नसल्याचे सांगते, पण पॅकेज मॅनेजर तीच लायब्ररी बसवलेली असल्याचे दाखवतो. खरे कोणाचे मानावे?

उत्तर : दोघांचेही. तयार प्रोग्रॅम चालण्यासाठी लायब्ररीची फक्त बायनरी पुरते. प्रोग्रॅम बांधण्यासाठी तिच्या हेडर फायलीही (तिच्यातील फंक्शन्स कशी वापरायची ते कंपाइलरला सांगणाऱ्या) लागतात, आणि बहुतेक वितरणे त्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. डेबियन आणि उबुंटूमध्ये त्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असते, फेडोरामध्ये ‘डेव्हेल’. ‘पायथन.एच’ सापडत नाही अशी एरर आली, तर ‘पायथन३-डेव्ह’ हवे. ‘पीजी-कॉन्फिग’ सापडत नसेल, तर ‘लिबपीक्यू-डेव्ह’ हवे. नाव ओळखता आले नाही तर ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल उघडावी, त्यात कोणती चाचणी कोणत्या फाइलपाशी अडली ते स्पष्ट लिहिलेले असते. तोच प्रोग्रॅम वितरणातही, भले जुन्या आवृत्तीत, उपलब्ध असेल, तर सोर्सच्या भांडारांची नोंद चालू करून ‘एप्ट’चा ‘बिल्ड-डेप’ हा पर्याय वापरावा. बांधणीसाठी लागणारी बहुतेक सर्व पॅकेजेस त्याने एकदम येतात.

एक गोष्ट बांधणीआधीच ठरवून ठेवावी. बांधलेला प्रोग्रॅम बसवणारे ‘मेक इन्स्टॉल’ फायली ठेवून मोकळे होते, त्यांची नोंद कुठेही राहत नाही, आणि ‘मेक अनइन्स्टॉल’ मूळ लेखकाने लिहिले असेल तरच मिळते. म्हणून ‘कॉन्फिगर’ करतानाच ‘प्रिफिक्स’ या पर्यायाने त्या प्रोग्रॅमपुरते स्वतंत्र फोल्डर द्यावे. काढून टाकायची वेळ आली, की कोणत्या फायली आपल्या हे शोधत बसावे लागत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे एकाच जावास्क्रिप्ट प्रकल्पावर काम करतो. कोड तोच, लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेली ‘पॅकेज.जेसन’ तीच, तरी माझ्याकडे प्रकल्प चालतो आणि सहकाऱ्याकडे चालत नाही. बसवलेल्या आवृत्त्यांची नोंद असलेली लॉक फाइल फार मोठी असल्याने ती आम्ही गिटमधून (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून) वगळली आहे. शिवाय आमच्या पायथनच्या भागात दोन पॅकेजेस तिसऱ्या एका पॅकेजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागतात आणि ‘पिप’ काहीच बसवत नाही. ‘एनपीएम’ या जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरमध्ये असे सहसा होत नाही. हा फरक का?

उत्तर : वगळलेली लॉक फाइल हेच पहिल्या अडचणीचे कारण असण्याची दाट शक्यता आहे. ‘पॅकेज.जेसन’मध्ये तुम्ही नेमकी आवृत्ती लिहीत नाही, मर्यादा लिहिता. १.४.२ च्या आधी कॅरटचे चिन्ह (^) असेल, तर त्याचा अर्थ १.४.२ किंवा त्यापुढची, पण २.०.० च्या आतली कोणतीही आवृत्ती चालेल, असा होतो. पहिला आकडा शून्य असेल तर नियम अधिक कडक होतो, ०.२.३ आधी कॅरट असल्यास ०.३.० च्या आतलीच आवृत्ती घेतली जाते. तुम्ही आधी इन्स्टॉल केले आणि सहकाऱ्याने नंतर, मधल्या काळात एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती आली, की दोघांच्या संगणकांवर डिपेंडन्सींची वेगळी झाडे उभी राहतात. आणि हे तुम्ही स्वतः मागितलेल्या पॅकेजांपुरते नाही. त्यांनी मागितलेली, आणि त्यांच्याही खालची, अशी सगळीच पॅकेजेस याच रीतीने सरकत असतात.

आवृत्तीच्या तीन आकड्यांचा अर्थ ठरलेला आहे : पहिला बदलला तर जुने वापर मोडू शकतात, दुसरा बदलला तर नवी सोय आली, तिसरा बदलला तर केवळ दुरुस्ती झाली. पण हा संकेत माणसे पाळतात, यंत्र नाही. आपल्या दुरुस्तीने कोणाचे काम अडेल हे लेखकाला दर वेळी ठाऊक असतेच असे नाही. लॉक फाइल हवी ती यासाठी. ‘एनपीएम’ ५ पासून, म्हणजे २०१७ पासून, ती आपोआप तयार होते आणि त्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती व फाइलची हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) नोंदलेली असते. ती गिटमध्ये ठेवावीच. हजारो ओळींची असली तरी हाताने वाचायची नसते. सहकाऱ्याने ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवावे. ते ‘नोड-मॉड्यूल्स’ फोल्डर पुसून लॉक फाइलबरहुकूम सगळे नव्याने बसवते, आणि लॉक फाइल व ‘पॅकेज.जेसन’ यांत तफावत असेल तर गुपचूप जुळवून न घेता थांबते.

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ दोन्ही भाषांच्या रचनेत आहे. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) प्रत्येक पॅकेजला स्वतःच्या आत आपली वेगळी डिपेंडन्सी बाळगता येते, त्यामुळे एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदू शकतात. डिस्कवर जागा जास्त जाते, पण भांडण मिटते. पायथनमध्ये एका एन्व्हायर्न्मेंटमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती राहते, म्हणून सर्वांना चालेल अशी एक आवृत्ती शोधावीच लागते. ती शोधणे गणिताच्या दृष्टीने अवघड आहे. सर्वसाधारण रूपात हा प्रश्न ‘एनपी-कम्प्लीट’ या, झटपट सोडवण्याची रीत माहीत नसलेल्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो. २०२० च्या अखेरीस आलेल्या २०.३ या आवृत्तीपर्यंत ‘पिप’ हा शोध नीट घेतच नसे. जी मर्यादा आधी दिसेल ती धरून पुढे जाई आणि विसंगत पॅकेजेस बसवून ठेवी. आता ते अडते, हे चांगले लक्षण आहे. एररमध्ये दोन्ही मागण्या लिहिलेल्या असतात. त्यांपैकी ज्या पॅकेजची मर्यादा जुनी वाटते, त्याची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहावे. दोन्ही पॅकेजेस एकाच प्रोसेसमध्ये लागत नसतील, तर दोन ‘वेन्व्ह’ करणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

प्रश्न : एक लहानसे साधन बसवले तरी सोबत शेकडो पॅकेजेस येतात. ती सर्व मी तपासू शकत नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? सतत अद्ययावत राहिले म्हणजे सुरक्षित राहता येते का?

उत्तर : सर्व तपासता येत नाहीत हे खरे आहे, आणि तसा आग्रह कोणीही धरू नये. पण आपल्याकडे एखादे पॅकेज कोणाच्या बोटाला धरून आले, हे मात्र प्रत्येकाला तपासता येते. या शोधाचे मोल २०२४ साली दिसले.

‘एक्सझेड’ हे फायली लहान करण्याचे जुने साधन आहे. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये देखभाल करणाऱ्यांपैकीच एकाने चोरवाट घातली होती. तिचे लक्ष्य होते दूरस्थ लॉगिन सांभाळणारा ‘एसएसएचडी’. ‘एसएसएचडी’ ज्याचा भाग आहे, त्या मूळ ओपनएसएसएचला ‘एक्सझेड’च्या लायब्ररीची गरजच नाही. काही वितरणांनी मात्र सेवा सुरू झाल्याची सूचना सिस्टिमडीला (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमला) मिळावी म्हणून ओपनएसएसएचला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीला ‘एक्सझेड’ची लायब्ररी लागत होती. एका छोट्या सोयीसाठी जोडलेल्या धाग्यावरून चोरवाट थेट लॉगिनपर्यंत पोहोचली. शिवाय तिला जागे करणारी बांधणीची स्क्रिप्ट प्रकाशित टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) होती, गिटमधील सोर्समध्ये नव्हती. सोर्स वाचणाऱ्याच्या ती नजरेस पडली नसती. आंद्रेस फ्रॉइंड या विकासकाला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा संशय आला, त्याने तो धागा सोडला नाही आणि २९ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट उघड केली. पुढे त्याच वर्षी ओपनएसएसएच ९.८ मध्ये ती सूचना पाठवण्याची स्वतःची छोटी सोय आली आणि सिस्टिमडीची लायब्ररी जोडण्याचे कारणच उरले नाही.

यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे. सर्वांत नवी आवृत्ती घेणारी वितरणे या वेळी धोक्यात आली; डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनी ५.४ मालिका असल्याने ती वाचली. म्हणून अद्ययावत राहणे म्हणजे प्रत्येक पॅकेजची ताजी आवृत्ती घेणे, असे समजू नये. स्थिर वितरणे सुरक्षा दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून लावतात. आकडा जुना दिसला तरी भोक बुजवलेले असते. अशा वितरणाचे सुरक्षा अपडेट मात्र लगेच घ्यावेत. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील त्रुटी उघड झाली, तेव्हा आपल्या कोणत्या प्रोग्रॅममध्ये ही लायब्ररी दडली आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते, आणि दुरुस्ती उपलब्ध असूनही ती लावायची कुठे हे शोधण्यात वेळ गेला.

एखादे पॅकेज कोणामुळे आले हे ‘एप्टिट्यूड’चा ‘व्हाय’ हा पर्याय, ‘एनपीएम’चा ‘एक्सप्लेन’ आणि ‘पिप शो’मधील ‘रिक्वायर्ड बाय’ ही ओळ सांगते. स्वतःच्या कोडमध्ये चार-दोन ओळींच्या कामासाठी पॅकेज आणण्याचा मोहही आवरावा. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने ‘एनपीएम’वरून काढून घेतले, तेव्हा त्याचे नावही न ऐकलेल्यांचे प्रकल्प जगभर अडले होते.

प्रश्न : ‘एप्ट’ने ‘ही पॅकेजेस आता लागत नाहीत’ असे म्हटले, म्हणून ‘ऑटोरिमूव्ह’ चालवले, तर रोजच्या वापरातले प्रोग्रॅम गेले. असे का व्हावे?

उत्तर : तुम्ही स्वतः मागितलेले पॅकेज आणि कोणाची तरी डिपेंडन्सी म्हणून आलेले पॅकेज, यांची ‘एप्ट’ वेगवेगळी खूण ठेवतो. डेस्कटॉपचे अनेक प्रोग्रॅम एकाच समूह-पॅकेजच्या नावाने येतात. त्यांतला एखादा नको म्हणून काढला, की समूह-पॅकेजही जाते आणि त्याच्या आधारावर आलेले बाकीचे निराधार ठरतात. जे ठेवायचे आहेत त्यांना ‘एप्ट-मार्क मॅन्युअल’ने तुमच्या मागणीची खूण करावी. यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नये. शंका असेल तर आधी ‘सिम्युलेट’ हा पर्याय लावून पाहावे. त्यात काय घडेल ते दिसते, घडत काहीच नाही. २०२१ मध्ये ‘पॉप ओएस’ या लिनक्स वितरणावर ‘स्टीम’ हा खेळांचा प्रोग्रॅम बसवताना आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे ‘एप्ट’ संपूर्ण डेस्कटॉप काढायला निघाला होता, आणि काढणार असलेल्या पॅकेजांची नावे होकाराच्या आधी पडद्यावर आलेली होती.

गेलेले प्रोग्रॅम परत आणण्यासाठी ‘एप्ट’च्या ‘हिस्टरी.लॉग’मध्ये त्या दिवसाची नोंद पाहावी. काढलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव तिथे मिळेल. आणि ‘एप्ट-मार्क शोमॅन्युअल’ने मिळणारी यादी एका फाइलमध्ये जपून ठेवावी. संगणक नव्याने उभा करताना तेवढ्याच यादीवरून पॅकेजेस मागवता येतात, डिपेंडन्सी ‘एप्ट’ स्वतः आणतो.